वरचा मजकूर नंतर

आधी माफी मागतो. आमच्या घरात याआधी कुणी असं काही लिहिलेलं नाही. बाबा सातवीपर्यंत शिकले, माय सही करते आणि अक्षरं जुळवून वाचते, आणि मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. पण माफी त्याची नाही. कमी शिकल्याची माफी मागायची नसते, एवढं वस्तीनं मला शिकवलंय. माफी याची, की याआधी एकदा मी वस्तीच्या नावानं एक कागद तयार केला होता, आणि त्या कागदानं जे केलं ते अजून निस्तरलेलं नाही. अशा माणसानं पुन्हा पेन हातात घ्यावं का, हे मला खरंच कळत नाही. तरी लिहितो, कारण राग जात नाही. राग कुणावर किती, हे लिहिताना कळेल असं वाटतं.

गावाचं नाव लिहीत नाही. शहरातून एसटीनं नाहीतर गंगापूरकडं जाणाऱ्या जीपनं, मग थोडं पायी, असं तासाभरात पोचता येतं. काही वर्षांपूर्वी आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. कचेरीला नवा रंग लागला, मुख्याधिकारी आले, घरपट्टी वाढली. नळाला पाणी मात्र पूर्वीसारखंच आठ-दहा दिवसांनी येतं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. मधे गायरान, गायरानाच्या कडेला ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडं आमची विहीर. आजोबांच्या पिढीनं ती स्वतः खोदली. का खोदली, ते सांगत नाही. मराठी वाचणाऱ्या माणसाला ते सांगावं लागू नये.

मी शहरातल्या एका कॉलेजात बी.ए.ला होतो, विषय लोकप्रशासन. नगरपालिका आणि नगरपंचायतींची आवश्यक कर्तव्ये कोणती, या प्रश्नाला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते. घनकचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट, पाण्याच्या साठ्यांचं रक्षण, पर्यावरणाचा वार्षिक अहवाल, असं सगळं मी मुद्द्यांखाली रेघा ओढून लिहिलं होतं. त्या उत्तराची आठवण आली की आता तोंडाला कडू चव येते. पण तेव्हा मला ते सगळं खरं वाटत होतं. वाचलेलं सगळंच मला खरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाला एका स्थानिक संस्थेचं कामकाज पाहून प्रकल्प लिहायचा होता. मी आमचीच नगरपंचायत निवडली. पहिल्या दिवशी दाराशी चप्पल काढू की नको या विचारात उभा होतो, तेवढ्यात आतून एक लिपिक म्हणाले, "या साहेब, या. आपल्या गावचं पोरगं कॉलेजात शिकतं, आम्हाला कौतुक आहे." आणि त्यांनी मला खुर्ची दिली.

त्या खुर्चीबद्दल लिहायलाच पाहिजे. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या कचेरीत बसायला मिळालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा घरपट्टी भरायला जातात ते खिडकीबाहेर उभे राहतात. मी महिनाभर त्या खुर्चीवर बसलो, त्यांचा चहा प्यायलो, त्यांची कामं केली. पर्यावरणाचा अहवाल मला टाइप करायला दिला, म्हणजे मागच्या वर्षीचाच होता. त्यात ओढ्याच्या काठी दाट झाडी होती. ओढ्याच्या काठी चार बाभळी आहेत. मी लिपिकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे भाई, झाडी वाचायची असते, मोजायची नसते. तू फक्त साल बदल." मी साल बदललं. हे कुणी करायला लावलं नव्हतं असं म्हणता येणार नाही, पण बोटं माझीच होती.

मार्च उजाडला तसे लिपिक घाईत दिसायला लागले. कचऱ्याच्या कामासाठी वरून निधी आला होता. एकतीस तारखेच्या आत तो खर्ची पडला नाही तर परत जातो, असं त्यांनी मला समजावलं. ते मला ठाऊक होतं, पुस्तकात होतं. मग त्यांनी रेघा मारलेले दोन मोठे कागद माझ्यापुढं ठेवले.

"ओल्या-सुक्या कचऱ्याची जनजागृती सभा दाखवावी लागते. तुझ्या वस्तीत घेऊन टाक. तू बोल, तुला चांगलं जमतं. आणि यावर हजेरी आण. अनुक्रमांक, नाव, सही."

कागदाचा वरचा चार-पाच बोटांचा भाग कोरा होता. मी विचारलं, "इथं काय लिहायचं सर?"

"वरचा मजकूर नंतर. तो मी टाइप करतो. तू सह्यांचं बघ."

आता आमच्या वस्तीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं सही ही साधी गोष्ट नाही. मी लहान असताना विहारात बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा, आणि वर्ग संपला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की या वस्तीतलं कुणी यापुढं अंगठा उठवणार नाही. शाई लागलेला अंगठा दिसला की पोरंसुद्धा हसायची. विहारात एक वही ठेवली आहे. दर रविवारी वंदना झाली की प्रत्येक बाई त्यात सही करते. त्या वहीचा उपयोग काहीच नाही. ती फक्त सही करायला मिळावी म्हणून आहे. माय घरी आली की सांगायची, "आज बरी आली," नाहीतर, "आज वेलांटी घसरली."

अशा वस्तीत मी रविवारी संध्याकाळी ते रेघांचे दोन कागद घेऊन गेलो.

मी दहा मिनिटं ओला कचरा, सुका कचरा असं बोललो. सगळ्यांनी ऐकलं. मग पहिली सही मी केली, कागद फिरला आणि बायकांमध्ये चढाओढ लागली.

"सरक की गं, उजेड दिसू दे."

"आगं, तुझी सही हाय का गोगलगाय? कवाची चाललीय!"

"चालंना का. कचेरीत जायचीय. साहेबानं बघितली पायजे."

माझी चुलती सगळ्यात म्हातारी. तिनं सही केली, लांब धरून पाहिली आणि म्हणाली, "ही नाय बरी आली. खाली दुसरी करू का रं?"

"एकच करायची असते काकू," मी म्हणालो, आणि सगळे हसले. मायची सही एका ओळीत मावली नाही, शेवटचं अक्षर रेघ ओलांडून समासात गेलं. ती हसत होती. तिच्या पोराच्या हातानं आणलेल्या कागदावर ती पहिल्यांदाच सही करत होती. वर काय आहे, असं कुणीही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुरुषांच्या सह्या घेतल्या, नावं माझ्या अक्षरात लिहिली, आणि सोमवारी सकाळी कागद नेऊन दिले. लिपिकांनी पाठीवर हात ठेवला. प्रकल्पाला मला वर्गात पहिला नंबर मिळाला.

एप्रिलमध्ये गायरानावर मुरूम पडला. मग रस्त्याच्या बाजूनं एक भिंत उठली, फक्त रस्त्याच्या बाजूनं. तिच्यावर मोर, झाडं, उगवता सूर्य आणि 'स्वच्छ गाव, सुंदर गाव' असं रंगवलं. बाकीच्या तीन बाजू उघड्याच राहिल्या. गावाला भिंत दिसते, आम्हाला भिंतीची पाठ दिसते. पुढच्या आठवड्यात घंटागाडीमागं ट्रॅक्टर यायला लागले आणि सगळ्या गावाचा कचरा आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ओतायला लागले. ओला आणि सुका वेगळा करायचं मी वस्तीला शिकवलं होतं. इथं मेलेलं कुत्रं, दवाखान्यातल्या सुया, मटणाच्या दुकानाची आतडी, सगळं एकाच ढिगात.

बाबा कचेरीत जाऊन आले. म्हणाले, "ते म्हणतात तात्पुरतं हाय." मी म्हणालो, खाली जाड प्लास्टिकचा थर टाकल्याशिवाय असं करता येत नाही, नियम आहे. बाबा म्हणाले, "मग तू सांग की तिथं. तुला खुर्ची देतात."

मी गेलो नाही. परीक्षा होती, हे खरं. भीती वाटली, हेही खरं.

पाऊस झाल्यावर विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा तवंग आला. आधी वास, मग चव. हंडा रात्रभर ठेवला की तळाशी काळं बसायचं. चुलतीच्या हातापायांना खाज सुटली. ज्यांना परवडतं त्यांनी जारचं पाणी घ्यायला सुरुवात केली, बाकीचे उकळून तेच प्यायला लागले. आमच्या घरी उकळून तेच. आणि मी शहरात, होस्टेलच्या फिल्टरचं पाणी पीत, लोकप्रशासनाचं तिसरं वर्ष शिकत होतो.

शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. वस्तीजवळ कचरा टाकायला परवानगी कुणी दिली, एवढंच विचारलं. महिन्याहून जास्त थांबायला लावून त्यांनी झेरॉक्स होस्टेलच्या पत्त्यावर पाठवल्या. शहरातल्या एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून मी त्या पाहिल्या.

पहिला कागद ठरावाचा. 'सदर विषय सभेपुढे मांडण्यात आला. सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' आमच्याकडं त्या वेळी निवडणूकच झालेली नव्हती. सदस्य कुणी नाहीत, प्रशासक एकटा. विषय मांडणारा तोच, चर्चा करणारा तोच, सर्वानुमते मंजूर करणाराही तोच. एका माणसानं सविस्तर चर्चा कुणाशी केली, हे मला आजही कुणीतरी सांगावं.

दुसरा कागद मी लांबूनच ओळखला. समासात गेलेलं मायचं शेवटचं अक्षर झेरॉक्समध्येही तसंच होतं. वरच्या कोऱ्या जागेत आता टाइप केलेलं होतं: 'आम्ही खालील सह्या करणार रहिवासी लिहून देतो की, गायरान जमिनीवर घनकचरा डेपो करण्यास आमची कोणतीही हरकत नाही.' त्याखाली माझ्या अक्षरात सगळ्यांची नावं. पहिलं नाव माझं.

मी तसाच उठून पुढच्या जीपनं गावाकडं आणि थेट कचेरीत गेलो. लिपिक होते. या वेळी खुर्ची दिली नाही.

"सर, हे अक्षर माझं आहे," मी म्हणालो.

"मग? मी कुठं म्हणालो माझं आहे?"

"तुम्ही म्हणाला होतात हजेरी आहे."

"हजेरीच आहे. हजर होते ना सगळे? हजर होते आणि हरकत घेतली नाही."

"हरकत आहे का, हे विचारलंच नाही कुणी!"

"विचारलं असतं तर घेतली असती." ते अगदी शांतपणे बोलले, शिकवल्यासारखे. "सौ टके की बात सांगू का? वरच्या आळीत विचारलं, ते नको म्हणाले. बाजारपेठेत विचारलं, ते नको म्हणाले. कुठंतरी टाकायचा आहेच ना? निधी परत गेला असता तर सगळ्या गावाचं नुकसान होतं. तू गावाचाच आहेस ना?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. "लोकप्रशासन शिकतोय म्हणे. आता झालं प्रॅक्टिकल."

मला त्यांना मारावंसं वाटलं. मी मारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. झेरॉक्सची घडी घालून बाहेर आलो आणि त्या भिंतीपाशी, मोराच्या चित्रापाशी उभा राहिलो. हे मी अभिमानानं लिहीत नाही.

वस्तीत सांगणं त्याहून अवघड होतं. विहारात सगळ्यांना बसवलं आणि तो कागद मोठ्यानं वाचला. कुणी ओरडलं नाही. शेजारचे एक काका उठले आणि एवढंच म्हणाले, "आमी अंगठेबहाद्दर व्हतो तवा निदान अंगठा देताना भ्यायचो." चुलती आपल्या हाताकडं पाहत बसली. मला उभ्या जन्मात विसरता येणार नाही असं ते दृश्य आहे. माझ्या वयाची पोरं मात्र सोडत नव्हती. मी दिसलो की, "सह्या लपवा रे, साहेब आले," असं ओरडायची. हसण्यावारी न्यायला मला जमलं नाही. नेऊही नये असं वाटतं.

घरी माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "ते कोरं कामून दिलं आमाला?"

"मला वाटलं…"

"वाटलं. तुला वाटलं आन् आमाला बी वाटलं. त्यायला नाय वाटलं." मग तव्यावरची भाकरी उलटून, "दुसरा कागद कर. आमची हरकत हाय म्हून लिव्ह."

मी लेखी हरकत तयार केली. पण बायका सही करायला तयार नव्हत्या. ज्या बायका एकीऐवजी दोन सह्या करायला निघाल्या होत्या, त्या पदराआड हात घेऊन बसल्या. विहारातली वहीसुद्धा दोन रविवार कोरी राहिली. कचऱ्यानं पाणी नासवलं, ते डोळ्यांना दिसतं. हे दुसरं नासवलं, ते कुठल्याच अहवालात येणार नाही.

मायनंच मग ते हातात घेतलं. तिनं मला सगळा मजकूर तीनदा वाचायला लावला. मग स्वतः बोट ठेवून, अडखळत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. अर्धा तास गेला. कुणी उठलं नाही. मग तिनं पोरांची पट्टी मागवली, मजकुराच्या वर जिथं कोरी जागा होती तिथं आडव्या रेघा मारून ती बुजवली, आणि शेवटच्या ओळीला इतकी चिकटवून सही केली की तिची वेलांटी माझ्या अक्षरात घुसली.

"आता मधी कुणाचा बाप काय लिहितो बघू," ती म्हणाली.

चुलती उठली. "पेन दे गं." या वेळी ती फार दाबून लिहीत होती, कागदाला मागून उठाव आला. एकामागून एक सगळ्या उठल्या. हसत कुणीच नव्हतं. सगळ्या सह्या वर, मजकुराकडं सरकलेल्या, एकमेकींना खेटलेल्या. इतका कुरूप कागद मी कधी पाहिला नाही. कचेरीत दिला, पोच घेतली, पोचेवरचा शिक्का वाळेपर्यंत हलवून हलवून पाहिला.

मग वाट पाहणं सुरू झालं. दर शनिवारी गावी गेलो की कचेरीत विचारायचो. साहेब मीटिंगला गेलेत. फाईल वर आहे. फाईल खाली आलीय. कपाशी फुटायचे दिवस आले. माय दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जाते. गायरानावरून उडालेल्या पांढऱ्या पिशव्या काट्याकुपाट्यातून शेतात येऊन झाडांना अडकायच्या. "यंदा बोंडाआधीच कापूस फुटला," माय म्हणायची. कापसात प्लास्टिक निघालं की व्यापारी माल परत करतो, म्हणून वेचणाऱ्या बायका अर्धा वेळ कापूस आणि अर्धा वेळ गावाचा कचरा वेचत होत्या. दुसऱ्या कामाची मजुरी कुणी देत नव्हतं. ढिगाला कुणीतरी आग लावायचं आणि दिवसभर धूर वस्तीवर बसून राहायचा. मी होस्टेलवर बसून नियम वाचायचो. नियम सगळे आमच्या बाजूचे होते. ते वाचून राग आणखीच वाढायचा. नियमच नसते तर निदान माणूस नुसता लाचार असता.

परवा दुपारी कॉलेजच्या वाचनालयात होतो. मायचा फोन आला, म्हणून बाहेर जिन्यात आलो.

"कागद आला कचेरीचा. शिपाई देऊन गेला."

"फोटो पाठव, मी वाचतो."

"काही नको. मी वाचते. तू मधी बोलू नको."

मग ती वाचायला लागली. एकेक अक्षर, मग शब्द, मग पुन्हा मागं जाऊन तोच शब्द. जिन्यावरून पोरं चढत-उतरत होती, मी कानाशी फोन दाबून भिंतीला टेकलो होतो. "आपण… दिलेल्या… हर-कतीवरील… सह्यांची… कार्या-लयातील… संमतीपत्रा-वरील… सह्यांशी…" इथंच मला कळलं. पण मधे बोलायचं नव्हतं. "…पडताळणी केली असता… सदर सह्या… जुळून येत… नाहीत. सबब… हरकत… दप्तरी… दाखल."

ती थांबली. मागं चुलतीचा आवाज आला, "काय म्हणत्यात?"

"दप्तरी दाखल मंजी?" मायनं विचारलं.

"बंद केली. कपाटात ठेवून दिली. कचरा तिथंच राहणार."

मग चुलतीला सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. "सह्या जुळंनात म्हणत्यात. कशा जुळतील? तवाच्या हसत केल्या व्हत्या."